ऐकणाऱ्यांचे संमेलन परंड्यात भरावे

१९५६ सालच्या फेब्रुवारीत पुणे आकाशवाणीने एक प्रयोग सुरू केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली आणि प्रत्येक गावात वीसेक जणांचे श्रोतृमंडळ नेमले. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. मंडळातले लोक रेडिओभोवती बसून तो ऐकायचे आणि रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू व्हायचे. ऐकलेल्यातले पटले काय, पटले नाही काय, आपल्या गावात यातले काय करता येईल, यावर चर्चा व्हायची. मंडळाचा चिटणीस टिपण करायचा, गावाचे प्रश्न पुण्याला कळवायचा आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे यायची.

कल्पना कॅनडातल्या शेतकरी श्रोतृमंडळांची होती, मदत युनेस्कोची होती. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे टिसने, केले. पॉल न्यूराथ आणि आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांच्या नावाने त्याचा अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने छापला. अभ्यासकांनी तीन प्रकारची गावे तपासली होती. काही गावांत मंडळ होते, काहींत नुसता रेडिओ होता आणि काहींत रेडिओही नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेली गावे त्यांच्या बरीच मागे राहिली. फरक पाडला तो एकत्र बसून ऐकण्याने आणि ऐकल्यावर बोलण्याने.

परंडा या प्रयोगात नव्हते, असूही शकत नव्हते. १९५६ च्या फेब्रुवारीत परंड्याचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. शेजारची बार्शी आणि करमाळा एका राज्यात आणि परंडा दुसऱ्या, अशी ती हद्द होती. आता ती पुसली गेली आहे. प्रयोगाचे मूल्यमापन करणाऱ्या टिसचे एक संकुल १९८६ पासून याच जिल्ह्यात, तुळजापूरला आहे. त्या वेळी या बाजूला न आलेली गोष्ट आता यावी, आणि ती रेडिओ डॉक्युमेंटरी करणाऱ्या स्वतंत्र मंडळींच्या संमेलनाच्या रूपाने यावी, असे म्हणायला पुरेशी कारणे आहेत.

ही मंडळी कोण? कुठल्याही केंद्राच्या नोकरीत नसलेली, रेकॉर्डर आणि हेडफोन घेऊन फिरणारी, घरच्या संगणकावर रात्री एडिटिंग करणारी माणसे. कुणी पूर्वी आकाशवाणीत नैमित्तिक निवेदक होते, कुणी शिक्षक आहे, कुणी पत्रकारितेतून इकडे वळले आहे, कुणी सामुदायिक रेडिओवर काम करता करता शिकले आहे. त्यांचा माल विकत घेणारे ठरावीक ठिकाण नाही आणि एकमेकांचे काम ऐकायची जागा तर नाहीच. कवींना संमेलने आहेत, नाटकवाल्यांना स्पर्धा आहेत, लघुपटवाल्यांना महोत्सव आहेत. आवाजावर काम करणारा माणूस मराठीत एकटा आहे.

मराठीला रेडिओ डॉक्युमेंटरी हा प्रकार परका नाही. आकाशवाणीत त्याला पूर्वीपासून रूपक म्हणतात. एक विषय घ्यायचा, माणसांत जायचे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, त्याला जागेचे आवाज, निवेदन आणि गरजेपुरते संगीत जोडायचे. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस तिथे अनेक वर्षे ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहत होता. माणदेशातल्या बोलीची अचूक जाण असलेला लेखक सरकारी माध्यमात गावकऱ्यांशी बोलणारे कार्यक्रम करतो, ही मराठीची कमाई होती. आकाशवाणीच्या मेलव्हिल डी मेलो यांना गीरच्या सिंहांवरच्या डॉक्युमेंटरीसाठी १९६४ मध्ये प्री इटालिया हा रेडिओविश्वातला मोठा सन्मान मिळाला. भारतीय रेडिओ जगाच्या पंक्तीला बसत होता, याची ही नोंद.

मात्र त्या काळातल्या रूपकांना एक मर्यादा होती. ध्वनिमुद्रणाची यंत्रे जड होती, फीत महाग होती. म्हणून शेतकऱ्याचे म्हणणे बऱ्याचदा लिहून काढले जाई आणि स्टुडिओतला कलाकार ते वाचे. इंग्लंडमध्येही हेच चाले. १९५८ मध्ये बीबीसीच्या चार्ल्स पार्करने इवान मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्यासोबत जॉन ॲक्सन या रेल्वेचालकावर कार्यक्रम केला. ब्रेक निकामी झालेली गाडी न सोडता ॲक्सन आदल्या वर्षी अपघातात मरण पावला होता. पार्करने त्याच्या सहकाऱ्यांचे आवाज कलाकारांकडून वदवून न घेता जसेच्या तसे वापरले आणि गाणी त्यांच्या भोवती बांधली. तिथून पुढे कामगाराचे स्वतःचे बोलणे हेच डॉक्युमेंटरीचे मुख्य द्रव्य ठरले. आज ते द्रव्य गोळा करायला खिशातला मोबाइलही चालतो. साधनांची अडचण संपली आहे.

अडचण दुसरी आहे. मराठीत गेल्या काही वर्षांत पॉडकास्ट भरपूर आले आणि त्यांतले काही उत्तम आहेत. पण बहुतेकांचा साचा एकच आहे: दोन खुर्च्या, दोन माईक, एक प्रश्न विचारणारा, एक उत्तर देणारा. खोली बंद, बाहेरचा आवाज आत येऊ नये याची काळजी. त्यातून विचार कळतात, अनुभवही कळतात, पण जागा कळत नाही. गुऱ्हाळाशेजारी उभा राहून बोलणारा माणूस वेगळा बोलतो, स्टुडिओत आणून बसवलेला तोच माणूस वेगळा. डॉक्युमेंटरी करणारा पहिल्या माणसाकडे जातो, परत जातो, पुन्हा जातो. त्यात वेळ जातो, पैसे जातात आणि शेवटी हाती पंचवीस मिनिटे येतात. एवढी मेहनत करणाऱ्याला ती पंचवीस मिनिटे कुणीतरी पूर्ण ऐकली आणि त्यावर नेमके काही बोलले, एवढे तरी मिळायला हवे.

जगात या गरजेतूनच संमेलने उभी राहिली. १९७५ मध्ये बर्लिनला पहिली आंतरराष्ट्रीय फीचर परिषद भरली. युरोपातल्या घंटांवरच्या रूपकाने गाजलेले पेटर लेओनहार्ड ब्राउन तिच्या मुळाशी होते. तिथली पद्धत साधी आहे. सगळ्यांनी एका खोलीत बसायचे, भाषा कळत नसेल तर अनुवादित स्क्रिप्ट हातात घ्यायची, कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा. मग लहान गटांत बसून, करणाऱ्याच्या समोर, स्पष्ट बोलायचे. इतकी वर्षे ही परिषद वेगवेगळ्या शहरांत भरत आली, कारण रेडिओवाल्याला अशा ऐकण्याची भूक असते.

परंड्यासाठी त्याहून जवळचे उदाहरण आयर्लंडचे आहे. लिमरिक परगण्यात किलफिनान नावाचे हजाराच्या आतबाहेर वस्तीचे गाव आहे. २०१४ पासून तिथे हिअरसे हा श्राव्यकलेचा महोत्सव भरू लागला. डब्लिनमध्ये सभागृहे होती, विमानतळ होता, तरी संयोजकांनी गाव निवडले. ऐकण्याच्या बैठका गावातल्या घरांत, दुकानांत, पबमध्ये झाल्या. जगभरातले नामवंत ध्वनिकर्मी आणि गावातले लोक एकाच बाकावर बसले. श्राव्यकलेला मोठा पडदा लागत नाही, अंधारी खोली लागत नाही, वातानुकूलन लागत नाही. चार चांगले स्पीकर आणि शांत बसायला तयार असलेली माणसे असली की पुरे. लहान गावाला परवडेल असा हा एकमेव कलामहोत्सव म्हणावा लागेल.

मग परंडाच का, असा प्रश्न येईल. पुण्यात आकाशवाणी आहे, विद्यापीठाची विद्यावाणी आहे, फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तेही खरे. पण पुण्यात भरलेल्या संमेलनाला पुण्यातलेच लोक येतील आणि ज्यांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले ती माणसे पुन्हा आपापल्या गावीच राहतील. परंड्याचे वेगळेपण असे, की इथे ऐकण्यासारखे जवळजवळ सगळे पायी किंवा एसटीने गाठता येते.

डोमगाव याच तालुक्यात, सीनेच्या काठी आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ तिथे आहे. समर्थांनी सांगितले आणि कल्याणांनी लिहून घेतले, अशी दासबोधाच्या लेखनाची परंपरा सांगते. कल्याणांच्या हातची म्हणून ओळखली जाणारी दासबोधाची प्रत डोमगावच्या मठाने जपली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी छापलेल्या दासबोधाला आधार होता तो याच प्रतीचा. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने कान देऊन ते टिपावे, या कामाचे याहून मोठे स्मारक मराठीत शोधूनही सापडणार नाही. दासबोधात श्रवणावर स्वतंत्र समास आहेत, हेही इथे आठवावे.

परंड्याचा भुईकोट किल्ला बहमनी काळातला. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले, तेव्हा निजामशाहीची राजधानी काही काळ इथे होती. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली, नंतर परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. तिचा आवाज इतका भयंकर, की बत्ती देणारा गोलंदाज लगेच पाण्याच्या हौदात उडी घेई, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी या तोफेची आठवण आवाजाच्या रूपाने सांगितली आहे. तालुक्यातल्याच सोनारीला काळभैरवनाथाची चैत्रातली यात्रा असते. गुलालात न्हालेला रथ सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. त्या गर्दीचा आवाज मात्र कुणी तासभर बसून ऐकवत नाही.

आणि मग अलीकडचा इतिहास. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली ती हैदराबादच्या रेडिओवरून. त्याआधीच्या वर्षभरात सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते आणि माणसे रात्री हद्द ओलांडत होती. ते दिवस कळत्या वयात पाहिलेले लोक आता नव्वदीच्या घरात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त झाली. त्या वेळी विशीत असलेले आज पन्नाशी ओलांडून गेले. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी रुंदीकरणानंतर गेली. ती चालवणारे, तिच्या वर्कशॉपमध्ये हातोडे मारणारे हात अजून आसपासच्या घरांत आहेत. जॉन ॲक्सनवरच्या कार्यक्रमासारखे काही मराठीत व्हायचे असेल तर ते कुर्डुवाडीत होईल.

२०२५ च्या सप्टेंबरची गोष्ट तर ताजी आहे. पाण्यासाठी आयुष्यभर आभाळाकडे पाहणाऱ्या या भागात सीनेला असा पूर आला, की परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांना वेढा पडला आणि लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. त्या आठवड्यात महाराष्ट्राने पुराच्या असंख्य चित्रफिती पाहिल्या. बहुतेक अर्ध्या मिनिटाच्या होत्या. वाहून गेलेली माती पुन्हा रानात आणायला शेतकऱ्याला काय करावे लागते, दावणीची जनावरे गेल्यावर घरात पहाटे काय बदलते, पंचनाम्याच्या कागदावर नेमके काय लिहिले जाते, हे अर्ध्या मिनिटात सांगता येत नाही. त्यासाठी कुणीतरी पाणी ओसरल्यावर यावे लागते, सुगीला यावे लागते, पुढच्या पेरणीला यावे लागते. हे काम स्वतंत्र डॉक्युमेंटरीवालाच करू शकतो, कारण त्याच्यामागे संध्याकाळच्या बातमीपत्राचा तगादा नसतो.

गावात बसून रेडिओचा विचार करणे या पठाराला नवे नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर जहीराबादजवळ पस्तापूर नावाचे खेडे आहे, पूर्वीच्या त्याच हैदराबाद राज्यातले. जुलै २००० मध्ये तिथे सामुदायिक रेडिओसाठी झटणारे कार्यकर्ते आणि ध्वनिकर्मी जमले आणि त्यांनी पस्तापूर जाहीरनामा काढला. नफ्यासाठी नसलेला, लोकांच्या मालकीचा रेडिओ कायदेशीर करा, ही त्यातली मागणी. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले होते. परवानगी मात्र मिळत नव्हती. पस्तापूर परिसरातल्या दलित शेतकरी बायका तेवढी वर्षे हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत राहिल्या आणि कॅसेटी गावोगावच्या संघमच्या, म्हणजे बायकांच्या गटांच्या, बैठकांत वाजवत राहिल्या. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना परवाना देणारे धोरण आले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ हवेत गेला. त्याच वर्षी साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. हाही दुष्काळी मुलूख आणि तिथलेही मुख्य बळ बायकांचेच.

आज देशात पाचशेहून अधिक सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. नियमानुसार त्यांच्या प्रसारणातला किमान निम्मा मजकूर स्थानिक असायला हवा. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना नाही, खासगी एफएमलाही नाही. हे बंधन उठायला हवे, पण ते उठेपर्यंत डॉक्युमेंटरीला कुणी अडवलेले नाही. म्हणजे एकीकडे चांगल्या स्थानिक मजकुराची गरज असलेली केंद्रे आहेत आणि दुसरीकडे मजकूर तयार करून बसलेले स्वतंत्र निर्माते आहेत. दोघांची गाठ घालून देणारा बाजार भरत नाही. संमेलनाचा हा व्यवहारी उपयोग ऐकण्याच्या आनंदाइतकाच मोलाचा आहे.

एका गोष्टीत मात्र संमेलनाने पहिल्या दिवसापासून कडक राहावे. आवाज ज्याचा, त्याचे नाव लागले पाहिजे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून पी. साईनाथांच्या पारी या संस्थेने नमिता वाईकर यांच्या नेतृत्वाखाली तो ठेवा लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्यात ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते. इतकेच नव्हे, तर ही मंडळी बीड जिल्ह्यातल्या माजलगावसारख्या ठिकाणी गाणाऱ्या बायकांकडे वर्षांनंतर परत गेली. ज्यांनी गळा दिला त्यांना विसरायचे नाही, हा त्यामागचा धडा. अनामिक लोकधन म्हणून आवाज उचलायचा आणि खाली स्वतःची सही करायची, ही जुनी सवय मोडायला हवी. ज्यांचा आवाज घेतला, ते पहिल्या रांगेतले श्रोते असले पाहिजेत. कार्यक्रमात आपले म्हणणे कुठे कापले गेले हे त्यांनी करणाऱ्याला तोंडावर विचारावे आणि त्याने उत्तर द्यावे. परंड्यासारख्या ठिकाणी हे शक्य आहे.

आक्षेप येतीलच. मोबाइलवर कुठेही ऐकता येते, मग एवढ्या लांब जाऊन बसायचे कशाला? याचे उत्तर १९५६ च्या त्या दीडशे गावांनी देऊन ठेवले आहे. राहण्याची सोय काय? बार्शी जवळ आहे, शाळा-महाविद्यालयांच्या इमारती आहेत आणि मराठवाड्यात पाहुण्याला घर कमी पडत नाही. एवढ्या मोठ्या कामाला जिल्हा पुरा पडेल का? जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखालचे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच जिल्ह्याने भरवून दाखवले. इथे तर मांडवही लागणार नाही, पन्नास-साठ निर्माते आणि त्यांच्या तिप्पट गावकरी एवढीच गर्दी हवी.

स्वरूपही फार अवघड नको. दोन दिवस. सकाळी किल्ल्यात, दुपारी शाळेत, संध्याकाळी एखाद्या वाड्याच्या चौकात बैठक. प्रत्येक बैठकीत एकच कार्यक्रम, पूर्ण, मध्ये न थांबवता. मग चर्चा. उद्घाटनाची भाषणे, सत्कार, शाली टाळाव्यात, कारण त्यातच निम्मा दिवस जातो. नवशिक्यांसाठी माईक धरण्यापासून एडिटिंगपर्यंतची एक कार्यशाळा असावी आणि तिच्यातल्या निम्म्या जागा धाराशिव जिल्ह्यातल्या मुलामुलींना राखून ठेवाव्यात. आकाशवाणीने आपल्या संग्रहातली जुनी मराठी रूपके या निमित्ताने बाहेर काढून ऐकवावीत. जनतेच्या पैशाने झालेले ते काम आहे आणि नव्या निर्मात्याला त्याहून चांगला गुरू मिळणार नाही. त्याच वेळी आकाशवाणीने स्वतंत्र निर्मात्यांकडून वर्षाला काही डॉक्युमेंटरी रीतसर मानधन देऊन विकत घेण्याची प्रथा सुरू करावी.

१३ फेब्रुवारी हा युनेस्कोने ठरवलेला जागतिक रेडिओ दिन आहे. त्या सुमारास परंड्याच्या रानात ज्वारी उभी असते, हवा चांगली असते आणि बारावीच्या परीक्षेचे वर्ग सोडले तर शाळा मोकळ्या करता येतात. धाराशिव जिल्हा प्रशासन, टिसचे तुळजापूर संकुल, आकाशवाणी आणि राज्यातली सामुदायिक रेडिओ केंद्रे यांनी एकत्र बसून येत्या फेब्रुवारीची तारीख पक्की करावी. ज्यांच्याकडे तयार कार्यक्रम आहे त्यांनी तो घेऊन यावे. ज्यांच्याकडे अजून काही नाही, पण घरात नव्वदीचे आजोबा किंवा आजी आहेत, त्यांनी फेब्रुवारीची वाट न पाहता आजच त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवावा.